सहाव्या दिवशी भरलेल्या बारा बाटल्या

प्रकरण माझ्या मावसभावाचं आहे. त्याला विचारूनच लिहितेय, नाव टाकू नको एवढंच म्हणाला, म्हणून इथे तो नुसता भाऊ. तो लीड्सला एमएस्सी करतोय, मी त्याच गावात नऊ वर्षं आहे आणि त्यातली सहा वर्षं घरी बिअर करतेय. म्हणजे त्याने पहिली बॅच लावली तेव्हा विचारायला माणूस बसने वीस मिनिटांवर होता. विचारलं नाही. विचारलं ते सातव्या दिवशी रात्री साडेदहाला, बारा बाटल्यांना बुचं ठोकून झाल्यावर.

लिहायला बसले त्याचं कारण असं की नवीन माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, किती दिवस ठेवायचं? या बॅचमध्ये एकाच बादलीतल्या बिअरचं दोनदा चुकलं आणि दोन उलट्या दिशांनी चुकलं, एकदा गॅस नको तेवढा झाला आणि एकदा झालाच नाही, आणि गंमत म्हणजे दोन्ही वेळा दिवस अगदी डब्यावर लिहिल्याप्रमाणे मोजलेले होते.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर कोणीतरी पुण्यात बसून बादली विकत आणेल. ब्रिटनमध्ये स्वतःला पिण्यापुरती बिअर घरी करायला १९६३ पासून लायसन्स लागत नाही, विकायची मात्र नाही, विकली की ड्यूटी आणि सगळं आलं. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे आणि त्यात बिअर आली. तेव्हा हे सगळं इथलं आहे असं समजूनच वाचा.

तर २ नोव्हेंबर, शनिवार. त्याने ४० पाइंटचं किट आणलं, म्हणजे हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) घातलेल्या माल्टच्या, म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या, काकवीचा डबा, त्यात एक किलो ब्रूइंग शुगर, आणि पाणी घालून एकूण २३ लिटर. किटच्या झाकणाखाली यीस्टचं पाकीट असतं ते वर भुरभुरवलं. स्वच्छतेत त्याने काहीच कसर ठेवली नव्हती, बादली, चमचा, नळी सगळं सॅनिटायझरमध्ये बुडवून घेतलं होतं, त्यामुळे या प्रकरणात इन्फेक्शनचा काही संबंध नाही, ते बाजूलाच ठेवू. सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत किती दाट ते, त्याने मोजली, १.०४०. ही एक गोष्ट त्याने केली म्हणून पुढचं सगळं समजू तरी शकलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ती मोजायचा हायड्रोमीटर म्हणजे काचेचा तरंगता मापक, साखर जास्त असेल तर वर तरंगतो आणि कमी होत गेली की खाली बुडत जातो. पाणी म्हणजे १.०००. त्यामुळे १.०४० चं हळूहळू १.०१० च्या आसपास येणं म्हणजे यीस्टने खाण्यासारखी साखर खाऊन संपवली.

बादली स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली. रविवारी संध्याकाळी फेस, सोमवार-मंगळवार एअरलॉक (झाकणावरची पाणी भरलेली नळी, आतला गॅस तिच्यातून बुडबुडे काढत बाहेर जातो) नुसता बडबडत होता, मला व्हिडिओही पाठवला होता, मी अंगठा दाखवला आणि विसरून गेले. (हो, मीही तेव्हा काही विचारलं नाही.) गुरुवारी बुडबुडे थांबले. किटच्या कागदावर लिहिलेलं, चार ते सहा दिवस, बुडबुडे थांबले आणि ग्रॅव्हिटी १.०१४ च्या खाली स्थिर झाली की भरा, मग बाटलीत दोन आठवडे. शुक्रवारी, म्हणजे सहाव्या दिवशी, त्याने मोजलं तर १.०१६. आता वाक्यात तीन अटी होत्या, सहा दिवस झाले, बुडबुडे थांबले, आणि तिसरी जवळजवळ झाली. तीनातल्या अडीच म्हटल्यावर आपला माणूस पुढे जाणारच. शिवाय १३ डिसेंबरला टर्म संपल्याची पार्टी, त्यात सगळ्यांना सांगून ठेवलेलं की बिअर माझी.

दर बाटलीत अर्धा टीस्पून साखर, वर बिअर, वर बुच. बारा झाल्या आणि बुचांचं पाकीट संपलं. बुचं संपली हे या बॅचचं नशीब. बाकीची बिअर बादलीतच राहिली, दुसऱ्या दिवशी बुचं आणायला जाईपर्यंत त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला की १.०१६ म्हणजे नक्की काय, आणि मग रात्री मला फोटो आला. खाली लिहिलेलं, "ताई, हे चालेल ना?"

नाही चालणार. का नाही ते आकड्यांतच सांगते कारण ही गोष्ट अंदाजाने कळत नाही.

बिअरमधला गॅस व्हॉल्यूममध्ये मोजतात. एक लिटर बिअरमध्ये एक लिटर गॅस विरघळलेला असेल तर तो १ व्हॉल्यूम. बाटलीतल्या साध्या एलला (इंग्लिश पद्धतीची बिअर, या किटचीही तीच) दोन ते अडीच पुरतात, कोलामध्ये साडेतीन-चारच्या आसपास असतात. आंबून झालेल्या बिअरमध्ये खोलीच्या तापमानाला ०.८५ ते ०.९ आधीच शिल्लक असतो. आपण घातलेली अर्धा चमचा साखर सव्वाच्या आसपास आणखी देते, झाले दोनला थोडे जास्त, बस, एवढंच पाहिजे असतं. आता ग्रॅव्हिटीचा हिशोब असा की बंद बाटलीत एक पॉइंट (म्हणजे १.०१६ चं १.०१५) खाली आला की अंदाजे अर्धा व्हॉल्यूम गॅस होतो. १.०१६ वरून ही बिअर १.०१० ला येणार होती, नंतर आलीच, म्हणजे सहा पॉइंट, म्हणजे तीन व्हॉल्यूम फुकटचे. सगळं मिळून पाचच्या वर. वीस अंशांना पाच व्हॉल्यूम म्हणजे आत पाच बारच्या आसपास दाब, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त, आणि तोही सुपरमार्केटच्या एलच्या धुऊन परत वापरलेल्या काचेच्या बाटलीत, जिच्यावर किती ओरखडे आहेत कोणाला माहीत.

आणि अर्धा चमचा साखर ही गोष्ट तशी भाबडीच. त्याला वाटत होतं गॅस साखरेमुळे होतो आणि साखर तर मी मापातच घातली. पण यीस्टला तुम्ही चमच्याने घातलेली साखर आणि माल्टमधली उरलेली साखर यातला फरक कळत नाही, ते दोन्ही खातं.

मी त्याला रात्रीच सांगितलं की बारा बाटल्या झाकणवाल्या प्लास्टिकच्या खोक्यात घाल, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि मागच्या अंगणातल्या शेडमध्ये ठेव. बाहेर चार-पाच अंश होते, त्या थंडीत यीस्ट झोपतं. त्याने ठेवल्या. म्हणजे दहा ठेवल्या. दोन त्याने आपल्या खोलीत टेबलाखाली ठेवल्या होत्या, भरल्यावर कौतुकाने वर नेल्या होत्या, त्या तो साफ विसरला. त्या दोघींकडे नंतर येऊ.

आता बुडबुडे थांबले का, जर साखर उरली होती तर? खरा प्रश्न हा होता आणि मला सुरुवातीला उत्तर माहीत नव्हतं. बादलीवर चिकटवलेली थर्मामीटरची पट्टी होती, तो म्हणाला वीस दाखवते रोज. कधी बघतोस? संध्याकाळी, कॉलेजहून आलो की. मी म्हटलं उद्या सकाळी सहाला उठ आणि बघ. शिव्या घालत उठला असणार, पण फोटो आला, पट्टी १५ वर. लीड्सच्या या जुन्या ओळीतल्या घरांत बॉयलर सकाळी तासभर आणि संध्याकाळी चार तास चालतो, बिल सगळे वाटून घेतात म्हणून रात्री कोणी लावत नाही, आणि स्वयंपाकघराचं मागचं दार नीट बसतच नाही. म्हणजे त्याची बिअर संध्याकाळी वीस अंशांची आणि बाकी सगळी रात्र थंडीत कुडकुडणारी. इंग्लिश एलचं यीस्ट थंडी लागली की गोळे होऊन तळाशी बसतं, ते त्याच्या स्वभावातच आहे, त्यामुळेच तर बिअर स्वच्छ दिसते. तळाशी बसलं की काम संपलं असं बाहेरून दिसतं. त्यात बादली थंड झाली की आतली हवा आकसते, एअरलॉक उलटं पाणी ओढतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं शांत झालं. आणि हेही सांगते की स्वस्तातल्या बादलीचं झाकण थोडं जरी सैल असलं तर गॅस तिथूनच जातो, एअरलॉक एकदाही हलत नाही आणि आत सगळं जोरात चालू असतं. एअरलॉक हे घड्याळ नाहीच. मला विचाराल तर नवीन माणसाने त्याच्याकडे बघूच नये.

मजा अशी की हा मुलगा इडलीचं पीठ ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून रात्रभर ठेवतो, कारण पहिल्या हिवाळ्यात दोनदा पीठ फुगलं नव्हतं आणि मावशीने व्हिडिओ कॉलवर ही युक्ती सांगितली होती. म्हणजे थंडीत आंबत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. पण बिअरच्या डब्यावर दिवस छापलेले होते, पिठाच्या पिशवीवर नसतात, तिथे तो फुगलंय का ते बघतो. छापलेलं दिसलं की आपण बघणं बंद करतो, दुसरं काय.

मावशीचं निघालंच आहे तर. तिला कळलं तेव्हा तिची काळजी वेगळीच होती, "अगं तो घरी दारू करतोय म्हणे, आंधळा-बिंधळा होईल, त्या मालवणीत किती माणसं गेली होती." २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली हे खरंच आहे, पण ते मिथेनॉल होतं, गावठीच्या नावाखाली विकलेलं, आंबवण्यातून तयार झालेलं नव्हे. माल्टची बिअर आंबवताना धोक्याइतकं मिथेनॉल होत नाही आणि इथे डिस्टिलेशन तर नाहीच, म्हणजे काही घट्ट करून गोळा करण्याचा प्रकारच नाही. तिला सांगितलं मावशी, बिअरने डोळे जात नाहीत, बाटलीच्या काचेने जाऊ शकतात. हे सांगून तिची काळजी कमी झाली असं काही मला वाटत नाही.

बादलीचं पुढे काय केलं ते सांगते. गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असतं ना, ज्यात इथे लोक टॉवेल वाळवतात, त्यात बादली हलवली. हलवताना थोडी गोल गोल फिरवली, तळाचा गाळ जरा वर यावा म्हणून, पण ढवळायचं किंवा हवा घालायची नाही, या टप्प्याला ऑक्सिजन गेला तर ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. दाराची फट ठेवली आणि तिथे दिवसरात्र १९ ते २१ राहायला लागलं. दिवस आठ, १.०१५. दहा, १.०१३. एअरलॉक मधूनमधून एखादा बुडबुडा काढत होता, तो खूश. बाराव्या दिवशी १.०११, तेराव्या दिवशी १.०१०. मी म्हटलं अजून दोन दिवस थांब. का? एक तर सलग दोन मापं दोन दिवसांच्या अंतराने सारखी आली तरच थांबलं असं म्हणायचं, एकाच मापावर नाही. आणि दुसरं, अकराव्या दिवशी मी जाऊन चाखलं तेव्हा पॉपकॉर्नच्या बटरसारखा वास होता. ते डायअॅसिटिल, यीस्टच आधी तयार करतं आणि काम संपत आलं की तेच परत खाऊन टाकतं, फक्त त्याला उबेत दोन-तीन दिवस जास्तीचे द्यावे लागतात. ग्रॅव्हिटी स्थिर झाल्यावरही हे काम आत चालूच असतं, हायड्रोमीटरला ते दिसत नाही, नाकाला कळतं. पंधराव्या दिवशी परत १.०१०, वास गेलेला. ३.९ टक्के अल्कोहोल.

इथे कोणीतरी म्हणेल की इतके दिवस गाळावर ठेवली तर यीस्ट मरून घाण चव येते. ही भीती मोठ्या ब्रुअरीच्या उंच टाक्यांमधून आलीय, तिथे गाळावर वरच्या सगळ्या बिअरचं वजन असतं. घरच्या बादलीत तीन-चार आठवड्यांनी काही होत नाही. माझी स्वतःची सवय आता सरसकट दोन आठवड्यांची आहे, मध्ये उघडत पण नाही, चौदाव्या दिवशी मोजते, सोळाव्या दिवशी मोजते, सारखं आलं की भरते. घाई कोणाला आहे. ज्याला पार्टी आहे त्याला.

१७ नोव्हेंबरला, रविवारी, मी गेले आणि आम्ही दोघांनी मिळून भरलं. सुमारे १५ लिटर उरली होती. यावेळी चमच्याचा धंदा बंद केला, ८० ग्रॅम साखर कपभर पाण्यात उकळून थंड केली, दुसऱ्या स्वच्छ बादलीत आधी ते पाक घातलं आणि वर सायफनने बिअर सोडली, म्हणजे सगळीकडे सारखं मिसळतं. लिटरला साडेपाच ग्रॅमच्या आत-बाहेर साखर या तऱ्हेच्या बिअरला पुरते. चमच्यात गोची अशी की सपाट चमचा आणि शीग चमचा यात दीडपट फरक पडतो आणि अर्ध्या लिटरच्या बाटलीत तो लगेच जाणवतो. नळी बाटलीच्या तळापर्यंत, वर तीनेक सेंटिमीटर जागा, बुच. एकोणतीस काचेच्या, आणि एक सोडा वॉटरची प्लास्टिकची, मुद्दाम. ती आपली चाचणीची बाटली. दाबून बघायची, मऊ असेल तर गॅस नाही, दगडासारखी झाली की झालं, बुच उघडावं लागत नाही. अशी एक बाटली प्रत्येकाने ठेवावी असं माझं ठाम मत आहे, हायड्रोमीटरनंतर सगळ्यात उपयोगी वस्तू हीच, आणि फुकट.

आणि मग मी चूक केली. निघताना मी म्हटलं, दोन आठवडे ठेव. कुठे ठेव ते सांगितलं नाही.

त्या दोन बाटल्या याच आठवड्यात. २० नोव्हेंबरला पहाटे तीनला टेबलाखाली एक फुटली. आवाज त्याच्या म्हणण्याप्रमाणे फटाक्यासारखा नव्हता, दार आपटल्यासारखा होता. तो पलंगावर होता म्हणून बरं, पाय टेबलाखाली घालून अभ्यास करत असता तर मावशीची भीती खरी झाली असती. काच चार फुटांवरच्या पडद्यापर्यंत गेली होती, कार्पेट भिजलं, लॅपटॉपची बॅग भिजली. दुसरी शाबूत उभी होती. मी सांगितलं, तिला हात लावू नको, मी येईपर्यंत खोलीत जाऊ नको. सकाळी जाऊन जाड टॉवेल ओला करून तिच्यावर टाकला, वरून बादली उपडी घातली, खिडकी उघडून खोली दोन तास थंड होऊ दिली आणि मग टॉवेलसकट उचलून शेडमध्ये नेली. उबेत बारा दिवस लागले फुटायला. शेडमधल्या दहांपैकी एकही फुटली नाही. भरली एकाच रात्री, एकाच हाताने.

त्या दहा आणि ही एक अशा अकरांचं काय करायचं यावर आमचं भांडण झालं. मी तेव्हा सांगितलं की फ्रिजमध्ये गार कर, गार असताना बुच किंचित उचलून गॅस सोड, नवीन बुच लाव, दोन दिवस बाहेर ठेव, परत तेच. त्याने तीनदा केलं. बाटल्या वाचल्या. पण आज कोणी विचारलं तर मी हे सांगणार नाही. गार करा, मोरीत ओता, विषय संपला. साडेपाच लिटर साध्या बिअरसाठी कोणी डोळ्यांसमोर दाबाखालची काच तीनदा धरू नये, मला तेव्हा वाया जाईल याचं वाईट वाटत होतं म्हणून मी तसं बोलले. शिवाय मिळालं काय? कच्च्या हिरव्या सफरचंदासारखा वास, जो यीस्टला काम मध्येच सोडायला लावलं की राहतो, आणि उघडझाप केल्यामुळे तो पुठ्ठाही थोडा. चार प्यायला, बाकीच्या ओतल्या.

आता दुसरी तऱ्हा. १ डिसेंबरला, भरल्यापासून बरोबर चौदा दिवसांनी, मेसेज. "ताई सपाट आहे. पूर्ण सपाट. आणि गोड लागतेय." सोबत फोटो, ग्लासात चहासारखी बिअर. मी विचारलं बाटल्या कुठे आहेत, तर तळघरात. का, तर बिअर सेलरमध्ये ठेवतात ना इथे, पबमध्ये सगळीकडे लिहिलेलं असतं. बरोबरच आहे, पबची कास्क एल, म्हणजे पिंपातली, सेलरमध्ये ११ ते १३ अंशांना ठेवतात आणि तशीच देतात, पण ती तिथे येते तेव्हा तिचं आंबण्याचं बहुतेक काम उरकलेलं असतं. आपल्या बाटलीत यीस्टला अजून ती ८० ग्रॅम साखर खायची होती आणि तळघरात होतं १२. गोड लागतेय म्हणाला ना, तीच साखर, तशीच पडून.

आणि पुढचं वाक्य वाचून मी सरळ फोन लावला. लिहिलं होतं, "प्रत्येकीत अजून अर्धा चमचा टाकू का?"

म्हणजे पुन्हा तेच. पहिल्या वेळी साखर उरलीय हे न बघता बंद केलं, आता साखर उरलीय हे चवीला कळत असूनही अजून घालायची. आहे ती साखर संपलेली नाही, यीस्ट मेलेलं नाही, गारठलंय फक्त. सगळ्या बाटल्या वर आण, खोलीत नको, जिन्याखालच्या कपाटात, झाकणवाल्या खोक्यात, कपाट १९-२० राहतं का ते सकाळी सहाला बघ. एकेक बाटली एकदा हळूच उलटीसुलटी कर म्हणजे तळाचं यीस्ट वर येईल. आणि प्लास्टिकची बाटली रोज दाबून बघ, दुसरं काही करू नको.

१ डिसेंबरला ती मऊ होती, अंगठा आत जायचा. ८ ला टणक, पण दाबता येत होती. ११ ला दगड. म्हणजे उबेत दहा दिवस. सरसकट दोन आठवडे म्हणतात ते असेच २० अंशांचे दोन आठवडे असतात, हे वाक्य डब्यावर लहान अक्षरांत तरी लिहायला काय जातं त्यांचं.

गॅस झाला म्हणजे झालं असंही नाही. ११ ला दगड झालेली, १३ ला पार्टी. मी सांगितलं की निदान दोन दिवस फ्रिजमध्ये उभ्या ठेव, कारण गार द्रवात गॅस जास्त विरघळतो, बाटलीच्या मानेतलाही हळूहळू बिअरमध्ये उतरतो. घाईत उघडली तर फस्सकन आवाज येतो, मोठे बुडबुडे वर येतात आणि दोन मिनिटांत फेस मेलेला. त्याने फ्रिजमध्ये जागा नाही म्हणून आठच ठेवल्या, त्या बऱ्या निघाल्या. उरलेल्यांपैकी चार पार्टीतच कोणीतरी कपाटातून काढून गरमच उघडल्या, त्या जमिनीवरच जास्त सांडल्या. ओतताना शेवटचा सेंटिमीटर बाटलीत ठेवायचा हे पण कोणाला सांगितलं नव्हतं, गाळासकट प्यायले, पोटात गुडगुड झाली म्हणतात दोघातिघांच्या. काही बिघडत नाही त्याने, पण दिसायला आणि चवीला गढूळ.

पार्टीतल्या बिअरची चव मला विचाराल तर ठीक. पातळ, थोडी ब्रेडची, कडवटपणा वेगळा आणि माल्ट वेगळा, एकजीव नाही. मी त्याच्याकडून चार बाटल्या घेऊन आले, त्या माझ्या गॅरेजमध्ये, म्हणजे ८-१० अंशांत, ठेवल्या. आता थंडी चालते, उलट पाहिजेच, गॅस झाल्यानंतर गारव्यात यीस्ट खाली बसतं आणि चवी गोल होतात. म्हणजे तोच गारवा १७ नोव्हेंबरला चूक होता आणि १५ डिसेंबरला बरोबर. हे त्याला समजावताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण त्याने नियम केला होता की थंड वाईट.

एक बाटली नाताळात उघडली, एक १२ जानेवारीला. जानेवारीतली बाटली भरल्यापासून आठ आठवड्यांची. फेस ग्लासच्या कडेला चिकटून राहत होता, पारदर्शक, आणि कडवटपणा आत मुरलेला. एवढ्या साध्या किटमधून हे निघतं यावर माझ्या नवऱ्याचा विश्वास बसेना, तो म्हणाला दुकानातली आहे. भावाला फोन केला की तुझ्या किती उरल्यात, तर एकही नाही, नाताळाच्या आधीच संपल्या, त्याने स्वतःची बिअर पिकलेली अशी चाखलीच नव्हती. दुसरी बाटली त्याला बोलावून पाजली. ग्लास उजेडात धरून बराच वेळ बघत बसला.

त्याची दुसरी बॅच २५ जानेवारीला लागली, टाकीच्या कपाटात, पहिल्या दिवसापासून. दहाव्या दिवशी मेसेज आला, १.०११. मी उत्तर दिलं नाही. बाराव्या दिवशी परत, १.०११, आणि खाली सकाळी सहाच्या पट्टीचा फोटो, मी मागितलेला नसताना.